शुगर आहे? मग मनाची तपासणी पण मागून घ्या: मुंबईत कुठे जायचं, कोणाला मिळते, कागद काय लागतात

आधी एक गोष्ट क्लिअर करते, या तपासणीला वेगळा अर्ज नाही, पोर्टल नाही, कुठल्या साहेबाची सही नाही. मनाबद्दलचे दोन प्रश्न, आणि गरज पडली तर नऊ प्रश्नांचा एक कागद, बस्स. अडचण एवढीच की ओपीडीत आपल्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात, त्यात फास्टिंग किती, पीपी (जेवणानंतरची शुगर) किती, गोळी वाढवतो, पुढचा कोण या, आणि मनाचं विचारायचं राहूनच जातं. म्हणून आपण तोंड उघडून मागायचं.

डायबेटिस असलेल्यांमध्ये डिप्रेशनचं प्रमाण इतरांपेक्षा साधारण दुप्पट असतं, आणि हे दोन्ही बाजूंनी चालतं, शुगरने मन खचतं आणि मन खचलं की शुगर बिघडते. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंची एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी टेस्ट) काही केल्या ९ च्या खाली येईना, डॉक्टर गोळ्या वाढवत गेले, आणि मग कळलं की काकू रात्रीची गोळी घेतच नव्हत्या, चालणं बंद, जेवायला कंटाळा म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढायच्या. दोष गोळीचा नव्हता ना. पण हे कोणी विचारलंच नाही तर डॉक्टरांना दिसणार फक्त आकडा.

कोणाला मिळते? टाइप १, टाइप २, प्रेग्नन्सीतली शुगर, सगळ्यांना. उत्पन्नाची अट नाही, रेशन कार्ड पिवळं की केशरी हा प्रश्नच नाही. वस्तीत आशाताई किंवा सीएचव्ही ताई (पालिकेच्या आरोग्य सेविका) घरोघरी येऊन आजारांच्या धोक्याची माहिती घेणारा जो सी-बॅक फॉर्म भरतात तो ३० वर्षांच्या वरच्यांसाठी असतो आणि त्यात शेवटी हेच मनाचे दोन प्रश्न आहेत, पण ताई घाईत असतात आणि सासू शेजारी बसलेली असताना सून काय खरं सांगणार, तेव्हा तो भाग "ठीक आहे, ठीक आहे" करत उरकला जातो. टाइप १ वाली कॉलेजची पोरं तर वयामुळे त्या फॉर्ममध्ये येतच नाहीत, त्यांनी स्वतःहून दवाखान्यात विचारायचं. शुगर नवीन निघाली, इन्सुलिन सुरू झालं, डोळ्याचं-पायाचं काही निघालं, किंवा सगळं पाळूनही आकडा हलत नाही, या वेळांना तर नक्की मागा.

जायचं कुठे, तर घराजवळचा पालिकेचा दवाखाना किंवा पालिकेचंच "आपला दवाखाना" नावाचं केंद्र. तिथे तपासणी, गोळ्या फुकट आहेत आणि काही ठिकाणी रात्री १० पर्यंत चालू असतं, म्हणजे लोकलने घरी आल्यावरही जमतं (वेळ जागेप्रमाणे बदलते, बोर्ड बघून घ्या). नेहमीचा फॅमिली डॉक्टर असेल तर तोही हे प्रश्न विचारू शकतो.

कागदांचं म्हणाल तर आधार किंवा कुठलंही ओळखपत्र, मोबाईल, जुना केस पेपर. आभा नंबर (सरकारी हेल्थ आयडी) असेल तर द्या, रेकॉर्ड जोडलं जातं, पण तो ऐच्छिक आहे. खरं महत्त्वाचं पुढचं: शेवटचा एचबीए१सी रिपोर्ट, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट पिशवीत. आयुर्वेदिक, झोपेची, मेडिकलवाल्याने दिलेली, सगळी. बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी१२ कमी होऊ शकतं आणि त्यानेही थकवा, उदासपणा येतो, थायरॉइडचंही तसंच, म्हणून हे रिपोर्ट असतील तर घ्या, नसतील तर करायचे का विचारा.

खिडकीवर गर्दीत "मानसिक तपासणी" असं मोठ्याने सांगायची गरज नाही हो. "शुगरचं फॉलोअप आहे" म्हणा, केस पेपर घ्या, आत गेल्यावर डॉक्टरांना सांगा, "मन लागत नाही, ते प्रश्नांचं करून घ्यायचंय". सोबत आलेल्याला बाहेर थांबायला सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

प्रश्न असे: गेल्या दोन आठवड्यांत कुठल्याही गोष्टीत रस वाटत नाही, मजा येत नाही, असं किती वेळा झालं? आणि उदास, निराश, आता काही खरं नाही असं किती वेळा वाटलं? उत्तराला ० ते ३ मार्क, अजिबात नाही म्हणजे ०, जवळपास रोज म्हणजे ३. दोन्ही मिळून ३ किंवा जास्त आले की नऊ प्रश्नांचा कागद, त्याला पीएचक्यू-९ म्हणतात, मराठीतही आहे. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. त्यात एकूण २७, आणि १० किंवा वर गेले की डॉक्टरांनी बसून नीट बोलायला हवं. हा आकडा म्हणजे निदान नाही, तापमापीने ताप दाखवला म्हणून टायफॉइड झाला असं होत नाही ना, तसंच. त्यात शुगरची गडबड वेगळी: थकवा, झोप मोडणं, भूक कमी-जास्त, हे प्रश्न त्या नऊमध्ये आहेत आणि शुगर चढलेली असली तरी हेच होतं, रात्री चारदा लघवीला उठणाऱ्याची झोप मोडणारच. उलट छातीत धडधड, घाम, हातपाय कापणं याला लोक टेन्शन समजतात आणि मीटर लावला तर शुगर ७० च्या खाली असते. म्हणून असं झालं की आधी शुगर मोजा, आणि मोजलेले आकडे डॉक्टरांना दाखवा.

अजून एक प्रकार असतो, डिप्रेशन नाही पण शुगरचाच वैताग. रोजचं टोचणं, लग्नात ताट समोर आलं की दहा जणांचे सल्ले, "हे चालतं का तुला?" याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात, त्याचे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यावर बहुतेक वेळा मनाची गोळी लागत नाही, उपचाराचा ताप कमी कसा करायचा यावर बोलणं लागतं. पीएचक्यूत मार्क कमी आले पण तुम्ही वैतागलेलेच आहात तर "मग ठीक आहे" म्हणून उठू नका, हे स्पष्ट बोला.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. तिथे लोक हमखास ० लावतात कारण भीती असते की "ठाण्याच्या मनोरुग्णालयात पाठवतील". असं उचलून कोणी पाठवत नाही. खरं उत्तर दिलं तर डॉक्टर त्याच दिवशी पुढचं विचारतात, कोणी सोबत आहे का, घरी इन्सुलिन आणि गोळ्या कोणाच्या हातात आहेत वगैरे, आणि लागलं तर तातडीने मनोविकार डॉक्टरकडे देतात. इन्सुलिनवाल्या घरात हा प्रश्न अजिबात उडवून लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढे पाठवायचं ठरलं तर चिठ्ठी लिहून घ्या, तोंडी "केईएमला जा" पुरत नाही. केईएम, सायन, नायर, कूपर सगळीकडे मनोविकार विभाग आहे, ओपीडी सकाळची, रांग मोठी. चिठ्ठीवर शुगरच्या गोळ्यांची नावं आणि पीएचक्यूचे मार्क लिहिलेले हवेत, कारण मनाच्या काही औषधांनी वजन आणि शुगर वाढते, काहींनी शुगर खाली जाऊ शकते, आणि तिथल्या डॉक्टरला तुमची शुगर माहीतच नसेल तर तो तरी काय करणार. औषध सुरू झालं की पहिले काही आठवडे शुगर जरा जास्त वेळा मोजा, आणि बरं वाटायला लागलं म्हणून डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. रांगेत बसायचं असेल तर उपाशी जाऊ नका, पर्समध्ये साखर नाहीतर ग्लुकोज ठेवा. त्याच दिवशी फास्टिंगची टेस्ट असेल तर रक्त देऊन, खाऊन, मग रांग.

कोणी विचारेल, ऑफिसला कळेल का? मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे ही माहिती गुप्त ठेवायची असते, आणि त्याच कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं असं लिहिलंय. पॉलिसीत ओपीडी धरली आहे का ते मात्र आधी बघा, बऱ्याच पॉलिसी फक्त ॲडमिट झाल्यावर पैसे देतात.

दवाखान्यापर्यंत जायचीच ताकद नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, फुकट आहे, २४ तास आहे, मराठीत बोलता येतं. फोन लागला की सुरुवातीलाच सांगा की शुगर आहे आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत.