अनियमित उपग्रह

महाकाय ग्रहांभोवती फार दूरवरून, लांबट आणि तिरक्या कक्षांत फिरणारे उपग्रह. बहुतेक अगदी लहान, काही किलोमीटर व्यासाचे. हे ग्रहासोबत जन्मलेले नसून बाहेरून येऊन त्याच्या गुरुत्वाकर्षणात अडकले, असे मानले जाते. आजच्या स्थितीत अशी पकड जवळपास अशक्य आहे. वेगाने आलेला दगड त्याच वेगाने निघून जातो. बाल्यावस्थेतील ग्रहाभोवतीचा वायू किंवा दुसऱ्या एखाद्या पिंडाशी गाठ, अशा कशाने तरी त्याचा वेग मोडावा लागतो.

पावसाळा सरल्यावर मिरामारच्या वाळूत उभे राहून साध्या द्विनेत्रीने गुरूकडे पाहिले, तर शेजारी एका ओळीत चार ठिपके दिसतात. ते नियमित उपग्रह. चार्ल्स पेरीन यांनी 1904 मध्ये शोधलेला हिमालिया हा गुरूचा सर्वांत मोठा अनियमित उपग्रह, पण त्याची प्रत (तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका पिंड मंद) 14 च्या पलीकडची. पणजीतल्या हौशी मंडळींच्या लहान दुर्बिणींना तो दाद देत नाही. गुरू पृथ्वीजवळ असताना चार ठिपक्यांतला सर्वांत बाहेरचा कॅलिस्टो ग्रहापासून फार तर पूर्णचंद्राच्या एक तृतीयांश रुंदीइतका सरकतो. पासिफी हा अनियमित उपग्रह मात्र चार चंद्रांच्या रुंदीएवढा दूर जाऊ शकतो.

बहुसंख्य अनियमित उपग्रह ग्रहाच्या स्वतःभोवती फिरण्याच्या उलट दिशेने जातात. इतक्या अंतरावर सूर्याची ओढ कक्षा विस्कटू लागते आणि उलट कक्षा ती अधिक सोसते. गुरूच्या अनंके, कार्मे व पासिफी या गटांतले सदस्य म्हणजे बहुधा फुटलेल्या मोठ्या पिंडांचे तुकडे. 2018 मध्ये जाहीर झालेला, जेमतेम किलोमीटरभराचा व्हॅलेट्युडो या उलट्या गर्दीतून सुलट जातो. फोंडा रस्त्यावर रॉंग साइडने शिरलेल्या स्कूटरसारखा, फक्त टक्कर व्हायला इथे युगे लागतात.

2025 मध्ये शनीचे 128 नवे उपग्रह मान्य होऊन एकूण संख्या 274 झाली. कोणाचे उपग्रह जास्त, ही गुरू-शनीची चुरस वर्तमानपत्रांना आवडते, पण उपग्रह म्हणवण्यासाठी किमान आकाराची अटच नसल्याने त्या आकड्यांत फारसे काही नाही.

शनीचा फीबी अधिक बोलका. 1898 मधील छायाचित्रांवरून विल्यम पिकरिंग यांनी तो ओळखला. छायाचित्रांतून सापडलेला हा पहिला उपग्रह. 2004 मध्ये कॅसिनी यान त्याच्याजवळून गेले, तेव्हा सुमारे 213 किलोमीटर व्यासाचा, विवरांनी भरलेला काळपट गोळा दिसला. त्याच्यावरून उडालेल्या धुळीचे विरळ, अवाढव्य कडे स्पिट्झर दुर्बिणीला 2009 मध्ये आढळले. ही धूळ उलट दिशेने फिरत आत सरकते आणि समोरून येणाऱ्या आयापेटस या शनीच्या दुसऱ्या उपग्रहाच्या पुढच्या गोलार्धावर बसते. काळवंडलेला भाग उन्हाने जास्त तापतो, तिथले बर्फ उडून दुसरीकडे गोठते आणि काळा भाग आणखी काळा होतो.