जुन्या गाडीचं इंजिन महिनाभरात बसलं, तर ग्राहक आयोगात दाद कशी मागायची

सेकंडहँड गाडीला ग्राहक संरक्षण कायदा लागू नाही, हा समज विकणाऱ्यांच्या सोयीचा आहे, खरा नाही. २०१९च्या कायद्याने जुन्या वस्तूंना वगळलेलं नाही. फक्त गाडी कोणाकडून घेतली, ते आधी बघा.

जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्या डीलरकडून किंवा कंपनीकडून घेतली असेल, तर तुम्ही ग्राहक आहात. स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवायला घेतलेली टॅक्सी किंवा टेम्पोही यात बसतो. पुन्हा विकण्यासाठी घेतलेली गाडी बसत नाही. ओळखीच्या माणसाने घरची गाडी विकली असेल, तर तो व्यापारी नसल्यामुळे आयोगात दावा टिकणं अवघड. तिथे वाट दिवाणी न्यायालयाची, म्हणजे करार कायदा आणि माल विक्री कायद्याची.

आता खरी मेख. जुनी गाडी थोडीफार झिजलेली असणारच, आणि आयोगही ते धरूनच चालतो. दोष विक्रीच्या दिवशी होता आणि तो लपवला गेला, किंवा खोटं सांगून गाडी गळ्यात मारली, हे तुम्हाला दाखवावं लागतं. बघताक्षणी दिसला असता असा दोष नंतर पुढे करून उपयोग नाही. उलट मीटर मागे फिरवलेला, अपघात दडवलेला, पाण्यात बुडालेली गाडी धुऊनपुसून विकलेली, अशी प्रकरणं भक्कम होतात. ‘आहे त्या स्थितीत विकली’ या ओळीवर सही केली असली, तरी फसवणूक तिच्याआड लपत नाही.

म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्स खोलायच्या आधी गाडी त्या कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये न्या. जॉब कार्डवर दोष, त्याचं संभाव्य कारण आणि त्या दिवशीचं किलोमीटर रीडिंग लिहून घ्या, खर्चाचं अंदाजपत्रक घ्या. जुना सर्व्हिस रेकॉर्डही तिथेच मागा. मीटरची चोरी बहुतेक वेळा त्यातच पकडली जाते. घाईने कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये इंजिन उतरवलं, की समोरचा वकील म्हणणार, ‘बिघाड तुमच्या मेकॅनिकने केला.’ बदललेले सुटे भाग भंगारात देऊ नका.

मग डीलरला लेखी नोटीस, स्पीड पोस्टाने, उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत देऊन. नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण पुढे कामाला येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मोठ्या कंपन्या तिथे कधी कधी नमतात. हेल्पलाइन आदेश मात्र देऊ शकत नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर महिने घालवू नका. तक्रारीचं कारण घडल्यापासून आयोगात जायची मुदत २ वर्षं आहे.

गाडीला मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. डीलर दुसऱ्या शहरातला असला, तरी तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, त्यापुढे ५० लाखांपर्यंत १,०००. वकील लावलाच पाहिजे असं नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो.

सोबत जोडायची कागदपत्रं:
- बिल किंवा डिलिव्हरी नोट, पैसे दिल्याचा बँकेचा पुरावा, कर्ज असल्यास त्याची कागदपत्रं
- आरसी, विमा, वॉरंटीचा कागद, विक्रीपूर्व तपासणीचा अहवाल
- जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं (‘नॉन-ॲक्सिडेंट, एकहाती’ वगैरे दावे)
- जॉब कार्ड, अंदाजपत्रक, दुरुस्तीची बिलं
- नोटीस, पोस्टाची पावती, आलं असेल तर उत्तर
- तक्रारीच्या मजकुरावरचं प्रतिज्ञापत्र आणि ओळखपत्र

रोखीने दिलेली, बिलात न दाखवलेली रक्कम सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

मागणी नेमकी लिहा: दुरुस्ती, गाडी परत घेऊन व्याजासह रक्कम, किंवा दुरुस्तीचा खर्च, शिवाय नुकसानभरपाई. डीलरला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. तांत्रिक तपासणी लागली तर निकाल ५ महिन्यांत, एरवी ३ महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. निकाल विरोधात गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील. अपील डीलरने केलं, तर भरायला सांगितलेल्या रकमेची निम्मी त्याला आधी जमा करावी लागते. आदेश होऊनही पैसे आले नाहीत, तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला १ महिना ते ३ वर्षं कैद किंवा किमान २५ हजारांचा दंड होऊ शकतो.