झर्निके बहुपदींचं प्रमाणीकरण (लेन्स डिझाइन)

लेन्समधून बाहेर पडलेला वेव्हफ्रंट (प्रकाशलहरीचा आघाडीचा पृष्ठभाग) आदर्श गोलापासून कुठं किती हलला ते आकड्यांत मांडायला झर्निके बहुपदी वापरतात, आणि हे आकडे एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना अर्थ बदलू नये म्हणून त्यांचा क्रम, मोजपट्टी आणि दिशा आधी ठरवून घेणं म्हणजे प्रमाणीकरण.

डच शास्त्रज्ञ फ्रिट्झ झर्निकेंनी १९३४ मध्ये या बहुपदी मांडल्या (नोबेल १९५३ चं, पण ते फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपसाठी). बीएस्सीला शिकलेले गोलीय विपथन (कडेचे आणि मधले किरण एकाच ठिकाणी न जुळणं), कोमा (ठिपक्याला शेपूट फुटणं) वगैरे दोषच इथं असतात, फरक इतकाच की गोल प्युपिलवर (लेन्समधून प्रकाश जातो त्या छिद्रावर) प्रत्येक टर्म, म्हणजे एकेक बहुपदी, स्वतंत्र राहते, एक काढली तरी बाकीच्यांचे आकडे हलत नाहीत.

गोंधळ सुरू होतो नंबरांपासून. प्राथमिक गोलीय विपथन 'फ्रिंज' नावाच्या यादीत ९ वं, रॉबर्ट नॉल या शास्त्रज्ञाच्या १९७६ च्या यादीत ११ वं आणि डोळ्यांच्या क्षेत्रात चालणाऱ्या ओएसए (अमेरिकेची ऑप्टिकल सोसायटी) क्रमात मोजणी शून्यापासून असल्यानं १२ नंबरला. डिफोकस (फोकस मागंपुढं सरकणं) मात्र तिन्हीकडं ४, त्यामुळं सुरुवातीचा आकडा जुळला की माणूस निर्धास्त होतो आणि चूक पुढं तशीच राहते.

मोजपट्टीचा घोळ तर जास्त महागात पडतो. फ्रिंजमध्ये टर्मची किंमत प्युपिलच्या कडेला १ धरतात, नॉलमध्ये तिचा आरएमएस (सगळ्या प्युपिलवरच्या किमतींच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) १ धरतात. म्हणजे गोलीय विपथन ०.१ लहर असं नुसतं लिहिलं तर फ्रिंजनुसार आरएमएस ०.०४५ येतो, लेन्स मारेशालच्या निकषाच्या (चांगल्या लेन्ससाठी आरएमएस जास्तीत जास्त ०.०७ लहर) मर्यादेत पास, आणि नॉलनुसार तोच ०.१, म्हणजे नापास! कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे नुसते दहा रवे सांगून भागत नाही, रवा किती किलोचा ते सांगावंच लागतं, तसंच हे.

झीमॅक्स या लेन्स डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'स्टँडर्ड' म्हणजे नॉलचा क्रम, 'फ्रिंज' वेगळं, त्याच्या ३७ टर्म. म्हणून फाइल पाठवताना क्रम, मोजपट्टी, प्युपिलची त्रिज्या, तरंगलांबी, एकक लहरी की मायक्रॉन आणि कोन कुठल्या अक्षापासून मोजला हे सगळं लिहावंच. बाबुराव पेंटरांनी स्वदेशी सिनेकॅमेरा बनवला त्या कोल्हापुरातली पोरं लेन्स डिझाइनकडं वळत असतील तर त्यांनी ही सवय पहिल्या प्रोजेक्टपासूनच लावून घ्यावी असं मनापासून वाटतं. आणि मध्ये भोक असलेल्या आरशाच्या दुर्बिणीला साध्या झर्निके टर्म एकमेकींपासून स्वतंत्र राहत नाहीत, तिथं कंकणाकृती प्युपिलसाठीच्या वेगळ्या बहुपदी लागतात.