ट्रॅक्टरचे दिवे : जुन्या ट्रॅक्टरवरील दुरुस्ती व सुधारणा

जुन्या शेती-ट्रॅक्टरची मूळ दिवाबत्ती पूर्ववत करणे आणि यंत्रणेला पेलतील असे अधिक प्रखर दिवे बसवणे, ही दोन्ही कामे या नोंदीत येतात. ‘जुना’ म्हणजे स्थूलमानाने डायनामोवर (इंजिनाने फिरणाऱ्या जुन्या धाटणीच्या वीज-जनित्रावर) चालणारा. त्याची जागा घेणारा अल्टरनेटर (नव्या धाटणीचे जनित्र) साधारणपणे १९६० च्या दशकापासून रूढ होत गेला, मात्र ही सीमारेषा उत्पादकागणिक मागेपुढे होते.

अर्थची (बॉडीला जोडलेल्या टोकाची) बाजू : पूर्वीच्या अनेक ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. फोर्ड ८ एन (१९४७–५२) हे ६ व्होल्टच्या धन-अर्थ पद्धतीचे परिचित उदाहरण. ही पद्धत का रूढ झाली याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार, ओलाव्यात होणाऱ्या विद्युत् अपघटनाने धन टोकाचा धातू झिजतो. झीज बारीक तारेऐवजी जाड बॉडीने सोसावी हा हेतू. दुसरे मत स्पार्क प्लगच्या आधाराने मांडले जाते : मधला तापलेला इलेक्ट्रोड ऋण असला की ठिणगी कमी विद्युत् दाबावर (व्होल्टवर) पडते. हे खरे असले, तरी इग्निशन कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या वेटोळ्याच्या) दोन तारांची अदलाबदल केली की ऋण-अर्थ पद्धतीतही तेच साधते. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते; अर्थात तारेचे आवरण शाबूत असेल तर तोही लाभ किरकोळच.

साध्या बल्बच्या फिलामेंटला प्रवाहाची दिशा कळत नाही, एलईडीला कळते. काही एलईडी दिव्यांचे धातूचे कवच आतून ऋण तारेला जोडलेले असते. असा दिवा धन-अर्थ बॉडीवर नटाने आवळला की थेट शॉर्ट सर्किट होते. उपाय दोनच : कवच बॉडीपासून विलग ठेवणे किंवा सर्व यंत्रणा ऋण-अर्थ करणे. दुसऱ्या मार्गात डायनामोला नवी ध्रुवता (धन-ऋण दिशा) द्यावी लागते (रीत त्याच्या प्रकारानुसार बदलते) आणि अॅमीटर (प्रवाहमापक) व कॉइल यांच्या तारा उलटाव्या लागतात.

मंद दिवा : दोष बल्बमध्ये क्वचितच, बहुधा वाटेत असतो. दिवा चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक दिव्याच्या कवचाला आणि दुसरे बॅटरीच्या अर्थ टोकाला लावावे. काटा शून्याजवळ राहिला तर अर्थ ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर गंज किंवा नंतर चढवलेला रंग आड आला आहे असे समजावे. बोल्टखालची जागा चकचकीत होईपर्यंत घासल्यावर पुष्कळदा नवा दिवा घेण्याची गरज उरत नाही. तारेची जाडीही पाहावी. १२ व्होल्टवर ५५ वॉटचे दोन दिवे सुमारे ९.२ अँपिअर ओढतात. १ चौरस मिमी तांब्याच्या ५ मीटर तारेत त्यामुळे सुमारे ०.८ व्होल्ट गळतात, २.५ चौरस मिमी तारेत ०.३. फिलामेंटचा प्रकाश दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलत असल्याने ०.८ व्होल्टची गळती म्हणजे जवळजवळ एक पंचमांश उजेड गेला. रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) लावून दिव्यांना बॅटरीवरून फ्यूजसह स्वतंत्र जाड तार देणे हा रूढ उपाय. मग जुन्या स्विचवरून रिलेपुरताच प्रवाह जातो.

क्षमता : काही डायनामो ११ अँपिअरचेच. पुढचे दोन आणि नांगरटीचा मागचा एक, असे ५५ वॉटचे तीन दिवे लावले की मागणी १३.७५ अँपिअरवर जाते. उरलेले बॅटरीतून निघते. इंजिन मंद फिरत असताना कटआउट (डायनामो बॅटरीपासून तोडणारा स्विच) उघडतो व सारा भार बॅटरीवर येतो. म्हणूनच १५ ते २० वॉटचे एलईडी अशा ट्रॅक्टरला सोयीचे. मात्र जुन्या परावर्तकात नुसता एलईडी बल्ब खोचला तर उजेडाचे उगमस्थान केंद्रावर येत नाही. झोत विखुरतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. अशा वेळी पूर्ण दिवाच बदलणे बरे. चांदीचा मुलामा असलेला परावर्तक मात्र पुसू नये. फडक्याबरोबर मुलामाही निघतो.

इंडिकेटर एलईडीचे केल्यास औष्णिक फ्लॅशर (प्रवाहाने तापून दिव्याची उघडझाप करणारा स्विच) पुरेसा तापत नाही आणि उघडझाप बिघडते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवावा लागतो.