सीमाभागातले गुरुजी कॉम्प्युटर कसे शिकले, थोडी मागची गोष्ट

बेळगाव, खानापूरकडं मराठी शाळेतल्या शिक्षकांना कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगची ऑर्डर आली की पहिला प्रश्न असतो, कन्नडमध्ये हाय की मराठीत? हे समजायचं तर 1956 पासून बघावं लागतंय, जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, शाळा मराठी राहिल्या आणि वरचं खातं कन्नड झालं.

1986 च्या शैक्षणिक धोरणातनं जिल्ह्याजिल्ह्यात डायट, म्हणजे शिक्षकांना ट्रेनिंग देणाऱ्या संस्था निघाल्या, बेळगावची मण्णूरला. मग 1994 ला डीपीईपी, म्हणजे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला, कर्नाटकातले पहिले चार जिल्हे म्हणजे बेळगाव, कोलार, मंड्या, रायचूर. त्यात कॉम्प्युटरचं काही नव्हतं, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच, कारण ट्रेनिंगची वाट तेव्हा पडली, बेंगळुरात मॉड्यूल बनणार, तिथनं डायट, मग तालुक्याचं ट्रेनिंग केंद्र म्हणजे बीआरसी, मग आसपासच्या शाळांचा गट म्हणजे क्लस्टर. प्रत्येक पायरीला थोडं गळतंय आणि मराठी शिक्षकाचं जरा जास्तच गळतंय, कारण शेवटच्या पायरीला भाषांतर त्यालाच मनातल्या मनात करावं लागतंय.

2004 ला केंद्राची आयसीटी अॅट स्कूल्स योजना आली, हायस्कूलना कॉम्प्युटर लॅब मिळाल्या. कर्नाटकात बऱ्याच लॅब कंपन्यांना कॉन्ट्रॅक्टनं दिल्या होत्या, शिकवायला माणूसही कंपनीचाच, त्यामुळं गणिताचे सर, विज्ञानाच्या बाई लांबच राहिल्या आणि कॉन्ट्रॅक्ट संपलं की तो माणूसही गेला. ही चूक ओळखून पुढं सब्जेक्ट टीचर फोरमची ट्रेनिंग सुरू झाली, त्यात विषय शिक्षकानंच मशीनवर बसायचं, जिओजेब्रा ह्या गणिताच्या सॉफ्टवेअरात त्रिकोण काढायचा, स्वतःचा पाठ स्वतः बनवायचा. मला ही सगळ्यात चांगली पायरी वाटते. नंतर त्याच धर्तीवर टाल्प, म्हणजे कर्नाटक सरकारचा शिक्षकांच्या कॉम्प्युटर ट्रेनिंगचा कार्यक्रम आला.

माझी आई तेव्हा खानापूर तालुक्यात शिकवायची. तिची ट्रेनिंगची वही अजून घरात हाय. डावीकडं ऐकलेला कन्नड शब्द देवनागरीत, उजवीकडं अर्थ. "उळिसु म्हणजे सेव्ह, अळिसु म्हणजे पुसून टाकणे." फरक एका अक्षराचा, आणि त्यात तिचा आख्ख्या वर्गाच्या मार्कांचा तक्ता गेला, रात्री जेवता जेवता रडली होती ती. टायपिंग शिकवलं ते नुडी ह्या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर. मराठी प्रश्नपत्रिका कशी टाईप करायची हे ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलंच नाही, ते एका तरुण सरांनी शाळा सुटल्यावर बसून शिकवलं.

2017 ला केंद्राचं दीक्षा हे ऑनलाईन शिक्षणाचं व्यासपीठ आलं, 2020 ला निष्ठा हे शिक्षकांचं ट्रेनिंग ऑनलाईन झालं. लोक म्हणतात आता मोबाईलवर मराठीत ढीगभर आहे की, महाराष्ट्राचं घ्या. पण इथली मराठी माध्यमाची पुस्तकं कर्नाटक पाठ्यपुस्तक सोसायटीची असतात, बालभारतीची नाहीत, म्हणजे भाषा तीच पण धडा वेगळा, मग शिक्षकाला तिकडचा व्हिडिओ तोडून-जोडून आपल्या धड्याला बसवावा लागतो, आणि ह्या कामाचं ट्रेनिंग आईला कधीच मिळालं नाही.

आईच्या त्या वहीच्या झेरॉक्स क्लस्टरमधल्या शिक्षकांनी काढून नेल्या होत्या. पहिल्याच पानावर तिनं नंतर लाल पेनानं मोठं करून लिहिलंय, उळिसु, अळिसु, नीट ऐका.