योरुबांचं घर पाहायला निघण्यापूर्वी
(इले-इफे, इबादान, लागोस: आमच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक)

नाव नोंदवल्याबद्दल मनापासून आभार. निघण्याआधी एवढं सवडीने वाचून घ्या. हा दौरा नैऋत्य नायजेरियातल्या, म्हणजे योरुबा लोकांच्या मुलखातल्या, इमारतींचा आहे, आणि तिथलं जुनं घर रस्त्यावरून पाहिलं तर नुसती मातीची लांबलचक भिंत दिसते. जे आहे ते आत आहे.

योरुबा त्याला ‘अग्बो इले’ म्हणतात, म्हणजे घरांचा कळप. एका कुळाची माणसं, त्यांचा प्रमुख ‘बाले’ आणि चौकाभोवती खोल्यांच्या ओळी. खोल्या लहान आणि काळोख्या, निजायला नि सामान ठेवायला. दिवस सरायचा तो खोल्यांपुढच्या ओसरीवर. भिंती तांबड्या मातीच्या. माती पायांनी तुडवायची, थरावर थर चढवायचे आणि खालचा थर वाळल्याशिवाय वरच्याला हात लावायचा नाही. राजवाड्यांत आणि मोठ्या घरांत छप्पर चारही बाजूंनी चौकाकडे उतरतं, पागोळ्यांचं पाणी मडक्यांत धरतात. चौकाच्या वाड्यात वाढलेल्यांना इथे पाऊल टाकताच ओळख पटेल.

इले-इफेत आम्ही मुद्दाम जास्त वेळ ठेवला आहे, तो तिथल्या फरसबंदीसाठी. इता येमू इथे 1957 मध्ये सुरू झालेल्या उत्खननात ती मिळाली. वाकून पाहा. फुटक्या मडक्यांच्या खापऱ्या आडव्या पसरलेल्या नाहीत, एकेक खापरी कडेवर उभी रोवली आहे, शेजारी शेजारी, तिरक्या ओळींत. वर दिसतात त्या फक्त कडा. अशा जमिनीवर पावसाने चिखल होत नाही. कित्येक शतकांपूर्वी कुणीतरी हे एकेक करून बसवलं, आणि आम्हाला अजूनही तिथून पाय काढवत नाही.

राजवाड्याला ‘आफिन’ म्हणतात. चौकात पुढे आलेली उंच छपराची पडवी म्हणजे ‘कोबी’. हा मान राजाच्या घराचा. खांब आणि दारं कोरीव. इकेरे गावच्या राजवाड्याचं कोरीव दार मात्र तिथे शोधू नका. इसे गावचा कोरीवकाम करणारा ओलोवे याने घडवलेलं ते दार 1924 साली लंडनजवळच्या वेंब्लीच्या प्रदर्शनात गेलं, राजाला बदल्यात सिंहासन मिळालं आणि दार ब्रिटिश म्युझियममध्ये राहिलं.

लागोसमध्ये गुलामगिरीतून सुटून ब्राझीलहून परतलेल्या कुटुंबांची मजल्यांची, नक्षीदार गिलाव्याची घरं दिसतील. 1894 ची शिट्टा-बे मशीद त्याच हातांची. देखणं काम आहे. पण याच घरांबरोबर मधला बोळ आणि दोन्हीकडे खोल्या हा नकाशा रुजला आणि चौक मागे पडला, याची आम्हाला खंत वाटते.

नव्या इमारती पाहताना आमची एकच विनंती आहे: भिंतीवरची नक्षी नंतर पाहा, आधी सावली कुठे पडते ते पाहा. काचेच्या इमारतीवर जुनी चित्रं लावली म्हणून ती योरुबा होत नाही. इबादान विद्यापीठ मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या वास्तुकारांचं. चंदीगडला काम केलेलं तेच हे दांपत्य. ग्रंथालयाची सिमेंटची जाळी हवा आत घेते, ऊन बाहेर ठेवते. इले-इफेच्या विद्यापीठात वास्तुकार एरी शॅरॉन यांनी वरचा प्रत्येक मजला खालच्याच्या पुढे काढला, म्हणजे वरचा मजलाच खालच्याला सावली देतो. इबादानमध्येच नायजेरियाचे कलावंत-वास्तुकार डेमास न्वोको यांनी तांबडी माती आणि सिमेंट मिसळून विटा केल्या. न्वोको जन्माने योरुबा नाहीत, पण मातीची भिंत आजच्या कामात कशी आणायची हे त्यांच्याइतकं नेमकं आम्ही क्वचितच पाहिलं आहे. 2023 साली व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा ‘सुवर्णसिंह’ पुरस्कार मिळाला. शेवटी लागोसचं जॉन रँडल केंद्र, योरुबा संस्कृती आणि इतिहासाचं: वास्तुकार शेउन ओदुवोले यांची ही इमारत मातीच्या रंगाची, जमिनीतून वर आल्यासारखी.

राजवाड्यात वाटाड्याने सांगितल्याशिवाय फोटो काढू नका. मोठ्यांना वाकून नमस्कार करा, तिथेही तीच रीत आहे. छत्री प्रत्येकाने आणा. पाऊस आला तरी चौकाची भेट आम्ही रद्द करत नाही, उलट ओसरीवर थोडा जास्त वेळ थांबतो.