मोबाईल फोनमधील संज्ञा आणि सोयी

मोबाईल फोन (भ्रमणध्वनी) : रेडिओलहरींच्या साहाय्याने जवळच्या टॉवरशी संपर्क साधून संभाषण, संदेश आणि इंटरनेट यांची सोय करणारे, हातात मावणारे उपकरण. या एका उपकरणात रेडिओ, संगणक, कॅमेरा आणि ओळखपत्र एकत्र नांदतात. त्यामुळे त्याचे शब्दही निरनिराळ्या क्षेत्रांतून आलेले आहेत, आणि गोंधळ होतो तो त्यामुळेच. शब्द अडला की ती गोष्ट मुळात कुठे असते ते पाहावे: हँडसेटमध्ये, सिममध्ये, टॉवरकडे की दूरच्या सर्व्हरवर. एवढे ठरले की निम्मा उलगडा होतो.

मोटोरोला कंपनीचे अभियंते मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातातल्या मोबाईलवरचा पहिला फोन केला. तो यंत्राचा नमुना एक किलोहून थोडा जड होता आणि विक्रीयोग्य रूप यायला १९८३ साल उजाडले. त्यामागची ‘सेल’ची कल्पना मात्र बेल प्रयोगशाळेत १९४७ मध्येच मांडली गेली होती. प्रदेशाचे छोटे छोटे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला एक टॉवर द्यायचा आणि त्याच लहरी थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या भागात पुन्हा वापरायच्या. धावत्या गाडीत बोलणे चालू असताना फोन एका टॉवरकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. या क्रियेला ‘हँडओव्हर’ म्हणतात.

रेंज : टॉवरकडून येणाऱ्या लहरींची ताकद. पडद्यावर ती दांड्यांनी दाखवतात, पण किती ताकदीला किती दांड्या हे प्रत्येक निर्माता आपापले ठरवतो. म्हणून दोन फोन शेजारी ठेवून दांड्यांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. खरे माप ‘डीबीएम’मध्ये असते आणि ते उणे आकड्यात येते. उणे ७० म्हणजे चांगली रेंज, उणे ११० म्हणजे जेमतेम. दर १० अंकांना ताकद दहापट घटते, त्यामुळे उणे ८० वरून उणे ११० वर जाणे म्हणजे लहर हजारपट क्षीण होणे. रेंज कमी असली की टॉवरपर्यंत पोहोचायला फोन अधिक जोर लावतो. प्रवासात बॅटरी लवकर उतरते त्याचे हे एक मोठे कारण. दांड्या भरलेल्या असूनही फोन लागत नसेल तर बहुधा टॉवरवर गर्दी असते. रेंज आणि टॉवरची क्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत.

दांड्यांशेजारची अक्षरे जाळ्याची (नेटवर्कची) पिढी सांगतात. ‘जी’ आणि ‘ई’ ही दुसऱ्या पिढीची संथ सेवा, ‘एच’ तिसरीची, पुढे ‘४जी’ आणि ‘५जी’. चौथ्या पिढीचे जाळे मुळात डेटासाठी आखलेले आहे. त्यावर आवाजही डेटासारखा पाठवण्याच्या पद्धतीला ‘व्होल्टे’ म्हणतात. ही सोय नसलेला फोन बोलण्यापुरता जुन्या जाळ्यावर उतरतो आणि तेवढा वेळ नेट मंदावते किंवा थांबते.

सिम : ही निव्वळ प्लास्टिकची चकती नसून एक चिमुकला संगणक आहे. नॅनो सिमचा आकार अवघा १२.३ × ८.८ मिलिमीटर. तिच्यात ग्राहकाचा एक ओळख क्रमांक आणि एक गुप्त किल्ली असते. ही किल्ली कधीच बाहेर पाठवली जात नाही. जाळे एक यादृच्छिक संख्या पाठवते, सिम किल्लीच्या आधारे उत्तर काढते, आणि उत्तर जुळले तरच प्रवेश मिळतो. आपण लोकांना देतो तो फोन नंबर मात्र खरे पाहता सिमवर अवलंबून नसतो. कोणता नंबर कोणत्या सिमचा याची नोंद सेवा देणाऱ्या कंपनीकडे असते. म्हणूनच सिम हरवले तरी नव्या सिमवर जुनाच नंबर मिळतो. सिमचा पिन तीनदा चुकला की ‘पुक’ हा आठ अंकी क्रमांक मागितला जातो. तो दहा वेळा चुकला तर सिम कायमचे निकामी होते, तेव्हा अंदाजाने आकडे टाकत बसू नये. ‘ई-सिम’मध्ये हेच काम हँडसेटमध्ये कायमच्या बसवलेल्या चिपवर होते.

आयएमईआय : हा हँडसेटचा स्वतःचा १५ अंकी क्रमांक, सिमशी त्याचा संबंध नाही. डायलपॅडवर *#०६# दाबले की कॉलचे बटण न दाबताच तो पडद्यावर येतो. दोन सिमच्या फोनवर असे दोन क्रमांक दिसतात. पहिल्या आठ अंकांवरून मॉडेल कळते, पुढचे सहा त्या एका फोनचे, आणि शेवटचा अंक आधीचे अंक बरोबर आहेत का हे तपासण्यासाठी. सिम बदलले, सगळा डेटा पुसला, तरी तो बदलत नाही. हरवलेला फोन जाळ्यावर बंद करायला हाच क्रमांक लागतो, म्हणून फोन हातात असतानाच तो कागदावर लिहून ठेवावा.

एसएमएस : पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ यांनी नाताळच्या शुभेच्छांचा पाठवला. एका संदेशाला १४० बाइट जागा असते. रोमन लिपीत तेवढ्यात १६० अक्षरे बसतात, देवनागरीत सामान्यतः फक्त ७०. शिवाय मोजणी जोडाक्षरांची होत नाही. ‘क्षितिज’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण फोन क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज असे सात मोजतो. मराठीतला मध्यम लांबीचा निरोपही पाहता पाहता दोन एसएमएसचा होतो तो यामुळे. इंटरनेटवरून जाणाऱ्या मेसेजना ही मर्यादा नाही.

रॅम आणि स्टोअरेज : सर्वाधिक घोळ या जोडीत होतो. स्टोअरेज म्हणजे कपाट, रॅम म्हणजे काम करण्याचे टेबल. फोटो, व्हिडिओ आणि ॲप कपाटात राहतात. चालू असलेले ॲप टेबलावर येते. टेबल लहान म्हणून फोन अडखळत असेल तर फोटो पुसून रॅम वाढत नाही. कपाट मात्र काठोकाठ भरले तर फोन त्यानेही संथ होतो, त्यामुळे थोडी जागा मोकळी ठेवावी. सेटिंगमधली दोन बटणे नीट ओळखावीत. ‘क्लिअर कॅशे’ तात्पुरत्या फाइली काढते, त्यात सहसा नुकसान नाही. ‘क्लिअर डेटा’ ॲपला पहिल्या दिवसाच्या स्थितीत नेते आणि फोनमध्येच साठवलेल्या नोंदी परत मिळत नाहीत.

विमान मोड : मोबाईल, वाय-फाय आणि ब्लूटूथ यांचे प्रक्षेपण एकदम थांबवणारी सोय, नंतर वाय-फाय वेगळे चालू करता येते. जीपीएस मात्र या मोडमध्येही चालू शकते, कारण फोन उपग्रहाला काही पाठवत नाही, फक्त ऐकतो. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की जागा ठरते: तीन स्थानासाठी, चौथा फोनच्या घड्याळातली चूक सुधारण्यासाठी. नेट लागते ते नकाशाचे चित्र उतरवून घ्यायला आणि पहिली जागा लवकर सापडायला.

बॅटरीची क्षमता मिलिअँपिअर-तासांत सांगतात. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही. कॅमेऱ्यातला मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. पण मंद उजेडात फोटो कसा येईल हे सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या, आकारावर अधिक ठरते. ‘आयपी ६८’ या धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या श्रेणीतला ६ धुळीबद्दल आणि ८ पाण्याबद्दल बोलतो. ही चाचणी गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या नाही. एनएफसी (फोन टेकवून पैसे देण्यासारख्या कामांची बिनतारी सोय) काही सेंटिमीटर अंतरावर चालते, ब्लूटूथ काही मीटरवर.

सिंक आणि बॅकअप : बॅकअप म्हणजे वेगळी राखलेली प्रत. सिंक म्हणजे दोन्हीकडचे सारखे ठेवणे, आणि त्यात पुसणेही आले. फोनमध्ये जागा करायला म्हणून सिंक झालेला फोटो पुसला तर तो सर्व्हरवरूनही जातो. आठवणींचे फोटो लोक असेच गमावतात, म्हणून हा फरक ठळकपणे सांगायला हवा. संपर्क साठवतानाही फोन हाच प्रश्न विचारतो: सिम, फोन की खाते? सिमवर साधारण नाव आणि नंबर एवढेच मावते आणि जागाही थोडी असते. फोनमध्ये ठेवलेले फोनबरोबर जाते. खात्यात ठेवलेली नावे नव्या फोनवर लॉगिन केल्यावर थोड्या वेळात आपोआप उमटतात.